लिंक नसलेलं ट्वीट: एका गाजलेल्या शोधनिबंधाकडे गेलेलं लक्ष आणि त्याची मोजणी

१६ मार्च २०२० रोजी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ अँटिमायक्रोबियल एजंट्स’ या वैद्यकीय जर्नलकडे फ्रान्समधल्या मार्सेय शहरातून एक शोधनिबंध आला. दुसऱ्याच दिवशी तो स्वीकारला गेला आणि २० मार्चला ऑनलाइन झळकलाही. एरवी ज्या कामाला काही महिने लागतात ते चार-पाच दिवसांत उरकलं. कोविड-१९ च्या रुग्णांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध, आणि काहींना जोडीला अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक दिल्यावर काय होतं, हा विषय होता. अठरा लेखकांच्या यादीत पहिलं नाव फिलिप गोत्रे यांचं, शेवटचं मार्सेयच्या संस्थेचे तेव्हाचे प्रमुख दिदिए राऊल्त यांचं.

वैद्यकीय निबंधांपैकी फार थोड्यांच्या वाट्याला इतका गाजावाजा येतो. म्हणून हे प्रकरण निवडलं आहे. आज जर्नलं, विद्यापीठं आणि संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्था ‘या निबंधाकडे ऑनलाइन किती लक्ष गेलं’ याचे आकडे सर्रास वापरतात. ते आकडे नेमकं काय पकडतात आणि काय त्यांच्या हातून निसटतं, हे या एका निबंधावर जितकं स्पष्ट दिसतं तितकं शंभर सामान्य निबंधांची सरासरी काढून दिसणार नाही. हे औषध कोविडवर लागू पडत नाही असा निकाल मोठ्या चाचण्यांनी केव्हाच लावला आहे, तो वाद इथे पुन्हा उकरायचा नाही.

निबंधात काय होतं

आकडे लहान होते, म्हणून ते जवळून बघणं सोपं आहे. विश्लेषणात ३६ रुग्ण: २० जणांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, १६ जण तुलनेसाठी. त्या २० पैकी ६ जणांना अझिथ्रोमायसिनही दिलेलं. सहाव्या दिवशी नाकातल्या नमुन्याची पीसीआर चाचणी केली, तेव्हा औषध घेतलेल्या २० पैकी १४ जणांत, म्हणजे ७० टक्क्यांत, विषाणू सापडला नाही. तुलनेच्या गटात हे प्रमाण १६ पैकी २, म्हणजे १२.५ टक्के. दोन्ही औषधं घेतलेल्या सहाच्या सहा जणांची चाचणी निगेटिव्ह. ‘शंभर टक्के’ हा जो आकडा पुढे जगभर फिरला, तो या सहा माणसांचा.

आता यातली मेख. औषध सुरू केलेले रुग्ण मुळात २६ होते. सहा जण विश्लेषणातून बाहेर पडले: तिघांना अतिदक्षता विभागात हलवावं लागलं, एकाचा मृत्यू झाला, एक जण रुग्णालयातून निघून गेला, एकाने मळमळीमुळे औषध थांबवलं. हे लपवलेलं नव्हतं, निबंधातच लिहिलेलं होतं. पण ज्यांची प्रकृती सर्वांत जास्त बिघडली तेच हिशेबातून गळले, तर उरलेल्यांचा निकाल चांगला दिसणारच. शिवाय कोणाला औषध द्यायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, आणि तुलनेच्या गटातले बरेच रुग्ण दुसऱ्या केंद्रांमधले होते. रुग्ण बरा झाला का, याऐवजी नाकातला विषाणू गेला का एवढंच मोजलं होतं. प्रकाशन झाल्यावर काही दिवसांतच हे सगळं लोकांच्या लक्षात आलं.

निबंधाच्या आधीच आलेलं लक्ष

कालक्रम लावून बघितला तर पहिली विसंगती इथेच दिसते. राऊल्त यांनी २५ फेब्रुवारीलाच क्लोरोक्विन या हायड्रॉक्सीक्लोरोक्विनच्या जवळच्या औषधाबद्दल यूट्यूबवर व्हिडिओ टाकला होता, त्याच्या शीर्षकाचा रोख ‘आता खेळ संपला’ असा होता. १३ मार्चला अमेरिकेतल्या दोघांनी क्लोरोक्विनचा पुरस्कार करणारा एक मजकूर गूगल डॉक्सवर लिहून सगळ्यांसाठी खुला केला. १६ मार्चला इलॉन मस्क यांनी त्याची लिंक ट्वीट केली. त्याच दिवशी राऊल्त यांनी आपल्या चाचणीचे पहिले निकाल व्हिडिओतून सांगून टाकले. दोनच दिवसांत त्या गूगल डॉक्सच्या लेखकांपैकी एक जण, जो पेशाने वकील होता, अमेरिकी वृत्तवाहिनीवर येऊन शंभर टक्के यशाची गोष्ट करू लागला. १९ मार्चला राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी पत्रकार परिषदेत औषधाचं नाव घेतलं. निबंध जर्नलच्या संकेतस्थळावर आला तो यानंतर, २० तारखेला.

म्हणजे चर्चेचा भर ओसंडून वाहत होता तेव्हा निबंधाला डीओआय, म्हणजे प्रत्येक शोधनिबंधाला मिळणारा कायमचा ओळख क्रमांक, मिळालेलासुद्धा नव्हता. ऑनलाइन लक्ष मोजणारी जवळपास प्रत्येक यंत्रणा या क्रमांकाच्या किंवा तत्सम ओळखीच्या आधारावर चालते. क्रमांक नाही म्हणजे खातं नाही, आणि खातं नाही तर जमा कशात करणार?

मग २१ मार्च उजाडला. ट्रम्प यांनी ट्वीट केलं की ही दोन औषधं एकत्र घेतली तर वैद्यकाच्या इतिहासातला मोठा पालट ठरू शकतात. कंसात त्यांनी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ अँटिमायक्रोबियल एजंट्स’ असं जर्नलचं पूर्ण नाव दिलं. त्या वेळी त्यांचे ट्विटरवर सात कोटींहून जास्त अनुयायी होते. एखाद्या वैद्यकीय जर्नलचं नाव एका फटक्यात इतक्या लोकांपर्यंत क्वचितच पोचलं असेल.

त्या ट्वीटमध्ये निबंधाची लिंक नव्हती.

मोजणी चालते कशी

इथे जरा थांबून यंत्रणा समजून घेऊ. शोधनिबंधांची दखल पूर्वी फक्त सायटेशनवरून मोजत, म्हणजे पुढच्या किती निबंधांनी तुमच्या निबंधाचा संदर्भ दिला यावरून. सायटेशन जमायला वर्षं लागतात, आणि डॉक्टर, पत्रकार, रुग्ण किंवा धोरण आखणारे अधिकारी यांनी निबंध वाचून काही केलं तर ते त्यात येतच नाही. २०१० मध्ये जेसन प्रीम यांनी या पर्यायी मोजमापांना ‘अल्टमेट्रिक्स’ हे नाव दिलं. पुढच्या वर्षी लंडनमध्ये युअन एडी यांनी ‘अल्टमेट्रिक’ ही कंपनी सुरू केली. निबंधाच्या पानावर दिसणारं रंगीत कडं, मध्ये एक आकडा, हे तिचं चिन्ह: लाल पट्टा बातम्यांचा, पिवळा ब्लॉगचा, आकाशी ट्विटरचा. दुसरी मोठी सेवा म्हणजे प्लमएक्स, जी २०१७ पासून एल्सव्हियर या प्रकाशन कंपनीकडे आहे. ती सायटेशन, वापर, साठवून ठेवणं, उल्लेख आणि समाजमाध्यमं असे पाच कप्पे वेगवेगळे दाखवते आणि सगळ्याची एकच बेरीज करत नाही. माझ्या मते हा जास्त प्रामाणिक मार्ग आहे. पण एका आकड्याची भूक सगळ्यांनाच असते, त्यामुळे बोलबाला कड्यातल्या आकड्याचाच.

तो आकडा वजनं लावून काढतात. या प्रकरणाच्या काळातली ढोबळ वजनं अशी: बातमीला ८, ब्लॉगला ५, धोरणविषयक दस्तऐवजाला आणि विकिपीडियाला ३, मूळ ट्वीटला १ आणि रीट्वीटला त्याहून थोडं कमी, फेसबुकच्या सार्वजनिक पानाला पाव. एकाच माणसाने एकच निबंध दहा वेळा ट्वीट केला तरी तो एकदाच धरतात. मेंडेली या संदर्भ साठवण्याच्या सेवेवर किती वाचकांनी निबंध साठवला हे शेजारी दिसतं, पण आकड्यात येत नाही. ही वजनं कुठल्या नैसर्गिक नियमातून आलेली नाहीत. बातमी ब्लॉगपेक्षा जास्त लोकांपर्यंत पोचते, अशा अंदाजावर कोणीतरी बसून ठरवलेली आहेत. बातमी ८ ऐवजी ६ धरली असती तरी कोणाला हरकत घेता आली नसती.

उल्लेख ओळखण्याचा मुख्य मार्ग लिंक. ट्वीटमध्ये निबंधाची लिंक असली तर तो मोजला जातो, नसली तर नाही. बातम्यांना थोडी सवलत आहे: लिंक नसली तरी लेखकाचं नाव, जर्नलचं नाव आणि प्रकाशनाचा सुमार मजकुरात सापडला तर जुळवून घेतात. ट्वीटला ती सवलत नाही.

सात कोटींचं शून्य

आता २१ मार्चच्या ट्वीटकडे परत या. ना लिंक, ना शीर्षक, ना एकाही लेखकाचं नाव. लिंकवर चालणाऱ्या मोजणीला हे ट्वीट या निबंधाच्या खात्यावर टाकायला काही आधारच नाही. आणि समजा लिंक असती, तरी मूळ ट्वीटचं वजन १ च्या आसपासच. दोनशे अनुयायी असलेल्या एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने निबंधाची लिंक ट्वीट केली तर त्याचंही तेवढंच.

निसटलेलं लक्ष एवढंच नव्हतं. मस्क यांचं ट्वीट गूगल डॉक्सकडे बोट दाखवत होतं, निबंधाकडे नाही. वृत्तवाहिन्यांवरची चर्चा या मोजणीत येत नाही. राऊल्त यांचे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले, पण व्हिडिओखाली निबंधाची लिंक नसेल तर तेही बाहेर. व्हॉट्सॲपवरून फॉरवर्ड झालेले संदेश तर कोणत्याच यंत्रणेला दिसत नाहीत, आणि त्या काळात सर्वांत जास्त मजकूर तिथूनच फिरत होता असं मानायला जागा आहे. भर म्हणजे निबंधाच्या एकाहून अधिक प्रती हिंडत होत्या: मार्सेयच्या संस्थेच्या संकेतस्थळावरची पीडीएफ, मेडआर्काइव्ह या प्रीप्रिंट (म्हणजे परीक्षणाआधीच खुल्या केलेल्या निबंधांच्या) साठ्यातली प्रत, आणि जर्नलची अधिकृत प्रत. प्रीप्रिंटचा क्रमांक वेगळा, जर्नलचा वेगळा, संस्थेच्या पीडीएफला तर क्रमांकच नाही. लोकांच्या दृष्टीने निबंध एकच, मोजणीच्या वहीत मात्र त्याची फाटाफूट.

मग या लक्षाचा माग लागलाच नाही का? लागला, पण दुसऱ्या वाटांनी. अमेरिकेतल्या संशोधकांनी गूगलवरचे शोध तपासले. नामवंतांच्या वक्तव्यांनंतर क्लोरोक्विन विकत घेण्यासाठीचे शोध अपेक्षेपेक्षा ४४२ टक्क्यांनी आणि हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचे १,३८९ टक्क्यांनी वाढलेले आढळले. हे काम एप्रिल २०२० मध्ये जामा इंटर्नल मेडिसिन या जर्नलमध्ये आलं. सीडीसी या अमेरिकी सरकारी संस्थेने औषधचिठ्ठ्या मोजल्या. एरवी ही औषधं क्वचितच लिहून देणाऱ्या शाखांच्या डॉक्टरांनी फेब्रुवारी २०२० मध्ये १,१४३ नवीन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, मार्चमध्ये ७५,५६९. एका महिन्यातली ही वाढ कुठल्याही कड्यातल्या आकड्यापेक्षा जास्त बोलकी आहे. ल्युपस या आजाराच्या ज्या रुग्णांना हे औषध वर्षानुवर्षं नियमित लागतं त्यांना ते दुकानांत मिळेनासं झालं. भारताने २५ मार्चला त्याची निर्यात थांबवली. २८ मार्चला अमेरिकेतल्या औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या संस्थेने आणीबाणीतल्या वापराला परवानगी दिली, ती १५ जूनला मागे घेतली.

याचं सगळं श्रेय किंवा अपश्रेय एका निबंधाला देता येणार नाही. व्हिडिओ, ट्वीट, पत्रकार परिषद आणि निबंध एकमेकांत इतके गुंतले होते की धागे सुटे करणं अशक्य. पण लक्षाचा अर्थ ‘लोकांनी त्यामुळे काय केलं’ असा घेणार असाल, तर ते शोधपेटीत आणि औषधांच्या दुकानात दिसलं.

जे मोजलं गेलं ते कसलं लक्ष होतं

लिंक असलेले उल्लेखही हजारोंनी जमले. त्यांचं काय?

२४ मार्चला एलिझाबेथ बिक यांनी आपल्या ब्लॉगवर निबंधाची चिरफाड केली. त्या मूळच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, शोधनिबंधांतल्या गफलती उघड करण्यासाठी ओळखल्या जातात. वगळलेले सहा रुग्ण, नैतिक मंजुरीच्या आणि चाचणीच्या तारखा, एका दिवसात झालेलं परीक्षण, आणि लेखकांपैकी एक जण त्याच जर्नलचा मुख्य संपादक असणं, हे सगळं त्यांनी मांडलं. वजनांच्या हिशेबाने या ब्लॉगचे ५ गुण निबंधाच्या खात्यात जमा. पबपीअर या प्रकाशित निबंधांवर टिप्पण्या करण्याच्या संकेतस्थळावर संशोधकांनी आक्षेप नोंदवले, तेही जमा. ३ एप्रिलला जर्नलच्या मागे असलेल्या ‘इंटरनॅशनल सोसायटी ऑफ अँटिमायक्रोबियल केमोथेरपी’ या संस्थेने जाहीर केलं की हा निबंध आपल्या अपेक्षित दर्जाला उतरत नाही. त्यावर बातम्या आल्या. निबंधाची लिंक किंवा ओळख असलेली प्रत्येक बातमी ८ च्या हिशेबाने जमा. पुढे जर्नलनेच लायडनचे साथरोगतज्ज्ञ फ्रिट्स रोझेंदाल यांच्याकडून प्रकाशनोत्तर परीक्षण करून घेऊन छापलं. या निकालांवरून कुठलाच निष्कर्ष काढता येत नाही असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

या यंत्रणेत वजाबाकीचं चिन्ह नाही. शाबासकी आणि शिवी दोन्हींची किंमत सारखीच. कंपनी स्वतःही सांगते की हा आकडा लक्षाचा आहे, गुणवत्तेचा नाही. पण पानाच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात दिसणारा आकडा बघून हा खुलासा किती जण वाचायला जातात? १७ डिसेंबर २०२४ रोजी, प्रकाशनानंतर जवळपास पावणेपाच वर्षांनी, निबंध मागे घेण्यात आला. कारणांत नैतिक मंजुरीबद्दलच्या आणि पद्धतीबद्दलच्या शंका होत्या, आणि अठरांपैकी तीन लेखकांनी स्वतःच निष्कर्षांपासून फारकत घेतली होती. ती बातमी जगभर छापून आली. म्हणजे निबंध रद्द झाल्याच्या दिवसांतही त्याचा आकडा वरच सरकणार.

कोणी बोललं हेही ओळखण्याचा प्रयत्न अल्टमेट्रिक करते. ट्वीट करणाऱ्यांचे ‘शास्त्रज्ञ’, ‘वैद्यकीय व्यावसायिक’, ‘विज्ञानसंवादक’ आणि ‘सामान्य जनता’ असे गट पाडते. ट्विटरवर स्वतःची ओळख करून देताना लिहिलेले शब्द आणि कोणत्या जर्नलांच्या लिंक देतात यावरून ही वर्गवारी होते, आणि जो कशातच बसत नाही तो जनतेत जातो. त्यामुळे स्वतःबद्दल ‘दोन मुलांची आई, चहाबाज’ एवढंच लिहिणारी हृदयरोगतज्ज्ञसुद्धा जनतेतच मोजली जाते. ‘आमच्या जर्नलकडे ८० टक्के लक्ष सामान्य जनतेचं आहे’ असं एखाद्या अहवालात वाचलं की मला आधी हा उरलासुरला कप्पा आठवतो.

तरीही ऑनलाइन लक्षाला निव्वळ गोंगाट म्हणून झटकून टाकणं बरोबर नाही. त्याच औषधाबद्दलचा उलट निष्कर्षाचा निबंध २२ मे २०२० रोजी लॅन्सेट या वैद्यकीय जर्नलमध्ये आला. ६७१ रुग्णालयांतल्या ९६,०३२ रुग्णांची माहिती वापरल्याचा त्यात दावा होता, आणि औषधाने मृत्यू वाढतात असा निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला या औषधाचा भाग तात्पुरता थांबवला. संशोधकांनी ट्विटरवर आणि खुल्या पत्रातून माहितीच्या स्रोताबद्दल प्रश्न विचारले, ती माहिती पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर नावाच्या कंपनीला मूळ नोंदी दाखवता आल्या नाहीत, आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. दोन आठवड्यांच्या आत. एवढ्या जलद चुकीची पकड पूर्वी होत नसे. समाजमाध्यमांवरच्या जाणकारांच्या नजरेचा यात मोठा वाटा होता. पण आकड्यात पाहाल तर हे लक्ष आणि मार्चमधलं लक्ष सारखंच दिसतं.

जर्नलच्या ताळेबंदात

एका निबंधाचा गाजावाजा जर्नलला काय देऊन जातो? सायटेशनच्या बाजूने बघू, कारण तिथला हिशेब उघड आहे. मागे घेतला गेला तोवर या निबंधाचा संदर्भ जवळपास ३,४०० वेळा दिला गेला होता. मागे घेतलेल्या कोविडविषयक निबंधांत इतकी सायटेशन दुसऱ्या कोणाची नाहीत.

इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलच्या वजनाचा सर्रास वापरला जाणारा आकडा, काढताना आधीच्या दोन वर्षांतल्या निबंधांना त्या वर्षी मिळालेली सायटेशन भागिले त्या निबंधांची संख्या असं गणित असतं. म्हणजे २०२० मधला निबंध २०२१ आणि २०२२ च्या आकड्यात येतो, मग बाहेर पडतो. या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर साथीपूर्वी ५ च्या आसपास होता, २०२१ मध्ये १५ च्या पुढे गेला, आणि २०२३ मध्ये परत ५ च्या आसपास आला. या उडीला हा एकच निबंध कारणीभूत नव्हता, त्या काळात तिथे आलेले आणखी काही कोविडविषयक लेखही भरपूर उद्धृत झाले. पण मधल्या दोन वर्षांत त्या जर्नलमध्ये प्रतिजैविकांवर निबंध छापणाऱ्या कुणा संशोधकाने बढतीच्या अर्जात १५ चा आकडा लिहिला असेल, तर त्याचा त्याच्या कामाशी काडीचाही संबंध नव्हता.

सायटेशनमध्ये निदान संदर्भ देणाऱ्याने काहीतरी लिहिलेलं असतं. ऑनलाइन लक्षाची वाटणी त्याहून एकांगी असते. २०१० ते २०१२ मधल्या १४ लाख जैववैद्यकीय निबंधांच्या पाहणीत, जी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली, १० टक्क्यांहून कमी निबंध एकदा तरी ट्वीट झालेले आढळले, आणि ट्वीट व सायटेशन यांचं नातं क्षीण निघालं. नंतर ट्वीट होणाऱ्यांचं प्रमाण वाढलं, पण वाटणीचा आकार बदललेला नाही: बहुतेक निबंध तळाशी, दोन-चार आभाळाला टेकलेले. अशा वाटणीची सरासरी काढून ‘आमच्या जर्नलचा सरासरी लक्षांक’ म्हणून छापणं म्हणजे गावात एक अब्जाधीश राहायला आला म्हणून सगळं गाव श्रीमंत झालं असं म्हणणं.

लक्ष ओढून आणता येतं का

संपादक मंडळात हा प्रश्न हमखास निघतो: आपण निबंध समाजमाध्यमांवर टाकले तर वाचक वाढतील का? यावर चक्क चिठ्ठ्या टाकून केलेले प्रयोग झालेत, हे वैद्यकीय जर्नलांना शोभणारंच. ‘सर्क्युलेशन’ या हृदयरोगाच्या जर्नलने २४३ निबंध दोन गटांत वाटले. १२१ फेसबुक आणि ट्विटरवर टाकले, १२२ टाकले नाहीत. तीस दिवसांत पानं किती वेळा उघडली गेली याचा मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) अनुक्रमे ४०९ आणि ३९२ आला. फरक नगण्य. २०१५ मध्ये त्यांनी आपल्याच जर्नलमध्ये हा निकाल छापला, याचं कौतुक वाटतं. उलट युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीच्या जर्नलांवर झालेल्या प्रयोगात ट्वीट केलेल्या निबंधांना १२ टक्के जास्त सायटेशन मिळाली. छातीच्या शस्त्रक्रियांच्या जर्नलांवरच्या ११२ निबंधांच्या प्रयोगात फरक याहून बराच मोठा दाखवला होता, पण त्या आकडेवारीच्या पुनर्विश्लेषणातून त्यावर प्रश्नचिन्ह लागलं. आणि २०११ मध्ये ‘ट्वीटवरून सायटेशनचं भाकीत करता येतं’ असं सांगणारा बहुचर्चित निबंध ज्या जर्नलवर केलेल्या पाहणीवर आधारला होता, ते जर्नल त्याच निबंधलेखकाने काढलेलं आणि संपादित केलेलं होतं.

एक गोष्ट मात्र त्या निबंधातून घेण्याजोगी आहे. पहिल्या साठ दिवसांतली जवळपास ४४ टक्के ट्वीट प्रकाशनाच्याच दिवशी आली होती. निबंध वाचून, पचवून, वापरून मग लोक बोलले असते तर वेळेचा असा आलेख निघाला नसता. मार्सेयच्या निबंधाचं वेगळेपण इथेही दिसतं: त्याच्याकडचं लक्ष एका दिवसात विझलं नाही, प्रत्येक वादाबरोबर नवी लाट आली. आकड्यापेक्षा हा आलेख पाहणं मला जास्त उपयोगाचं वाटतं.

संपादकाच्या टेबलावर

एखाद्या जर्नलला वर्षअखेरीस ऑनलाइन लक्षाचा अहवाल द्यायचाच असेल, तर या प्रकरणावरून काही गोष्टी ठरवता येतात. सर्वांत वरच्या पाच-दहा निबंधांचं कडं उघडून प्रत्यक्ष उल्लेख वाचायचे, आणि ते बाजूने आहेत, विरोधात आहेत की नुसती लिंक चिकटवली आहे हे हाताने नोंदवायचं. काम कंटाळवाणं आहे, एका माणसाचा दिवसभर जातो, पण याला दुसरी वाट नाही. यंत्राकडून भावनेची वर्गवारी करून घेता येते, मात्र उपरोधाने लिहिलेलं ‘वा, काय अभ्यास आहे!’ ते कौतुकात टाकण्याची भीती असते. सरासरीऐवजी मध्यक द्यायचा, आणि किती टक्के निबंधांचा एकही उल्लेख झाला नाही हे त्याच्या शेजारी. धोरणविषयक दस्तऐवज आणि उपचारांच्या मार्गदर्शक सूचनांत झालेले उल्लेख वेगळे काढायचे. वैद्यकीय जर्नलच्या दृष्टीने असा एक उल्लेख शंभर ट्वीटपेक्षा मोलाचा, आणि बेरजेत त्याचं वजन मात्र ३. मागे घेतलेल्या निबंधांचे आकडे एकूण बेरजेत धरायचे नाहीत, त्यांचा तक्ता निराळा.

आणि प्रत्येक आकड्याशेजारी तो कोणत्या दिवशी, कुठल्या सेवेतून घेतला हे लिहायचं. ही कारकुनी अट वाटेल, पण फेब्रुवारी २०२३ मध्ये ट्विटरने माहिती फुकट देणं बंद करताच शोधनिबंधांचे डीओआय नोंदवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेच्या खुल्या साठ्यातून ट्विटरचे उल्लेख काढून टाकण्यात आले. त्याआधी घेतलेले आणि नंतर घेतलेले आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी ठेवता येत नाहीत. शिवाय खाती बंद होतात, ट्वीट पुसली जातात, माणसं दुसऱ्या माध्यमावर निघून जातात. २०२० चा निबंध आणि २०२४ चा निबंध यांच्या कड्यांतले आकडे ताडून ‘आपलं लक्ष घटलं’ असा निष्कर्ष काढणाऱ्या अहवालावर सही करण्याआधी, मधल्या काळात मोजपट्टीच किती वेळा बदलली हे संपादकाने विचारून घ्यावं.